भूतबंगल्यातली बानो

कुठला पार्क चांगला, हे मला कुणी इचारू नका. इचारलंच तर बूड टेकून ऐकायची तयारी ठेवा. हायवेवरच्या पार्कात आभाळाएवढा पाळणा हाय. माणसाला त्यात उलटं टांगत्यात आन् वर त्याच्या भेदरलेल्या तोंडाचा फोटो त्यालाच इकत्यात. पानशेतच्या अंगाला दुसरा हाय, तिथं पाण्याच्या घसरगुंड्या आन् खोट्या लाटा. शेजारी येवढं मोठं धरण पडलंय, पर लोकांना लाटा खोट्याच लागत्यात. आन् आमच्या आनंदबनात काय व्हतं? नसरापूरवरनं वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याला चार एकर माळ, एक झुकझुकगाडी, एक कुरकुरता पाळणा आन् पत्र्याचा भूतबंगला. तरीबी सलग दोन वर्सं पुण्याच्या गाड्या हायवेवरचा पार्क मागं टाकून चेलाडीच्या फाट्याला आमच्याकडं वळायच्या. आमचे मालक स्वरूपशेट म्हणायचे, ही माझ्या जाहिरातीची करामत. जाहिरात कसली डोंबलाची! ती बानो व्हती.

मी साळूबाई. भूतबंगल्याच्या दारात तिकीट फाडायचं काम माझं. त्यामुळं जे सांगते ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आन् कानांनी ऐकलेलं. मला भुताखेतांचा नाद न्हाई. उगं डोळे मोठे करून गोष्टी सांगणाऱ्यांचा तर लई राग येतो.

बानो भोरची. नवरा शब्बीर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शांत माणूस, दहा वेळा हाक मारली तर एकदा हूं म्हणणारा. पोरगी मेहनाज लग्न होऊन शिरवळला गेली. बानोनं भोरच्या एसटी स्टँडवर वीस वर्सं चहाची टपरी चालवली. टपऱ्या उठवल्या तवा ती आमच्याकडं झाडू मारायला लागली. अंगानं काटकुळी, नाकात बारीकशी चमकी, हसली की खालचा ओठ दाताखाली धरायची. बोलणं कमी. पर वीस वर्सं स्टँडवर बसून तिनं एक केलं व्हतं. माणसं ऐकली व्हती. भोंगवलीची म्हातारी सुनेला कशी हाक मारती, आंबवड्याचा बाप पोराला गाडीत चढवताना कसा खेकसतो, पुण्याची बाई फोनवर कशी लाडानं बोलती, समदं तिच्या कानात बसलेलं.

हे आमाला कळलं ते एका दुपारी. लाईट गेली आन् पप्पू नावाचं सात वर्सांचं पोरगं भूतबंगल्यात अडकलं. आत जाईल त्या माणसाला घाबरून आणखी आत पळायचं. त्याची आई हाका मारून मारून दमली, माझ्याजवळ उभी, रडून रडून तिला शब्द फुटंना. बानो झाडू घेऊन मागच्या दारानं आत शिरली. जरा वेळानं आतनं हाक आली, "पप्पू, चल रे बाळा, मम्मा हितं हाय ना." आवाज त्या आईचा. अगदी तिचाच, शेवटाला जरा किनरा होणारा. आन् आई तर माझ्या बाजूला, तोंडावर पदर दाबून! पोरगं धावत बाहेर आलं आन् बाहेरच्या आईकडं असं बघाया लागलं, की हिच्याकडं जावं का न्हाई, ते त्याला कळंना.

झालं. स्वरूपशेटच्या डोक्यात किडा वळवळला. लोखंडी सांगाडे काढून टाकले, रेकॉर्डच्या किंकाळ्या बंद केल्या. आत निस्ता अंधार, वळणावळणाची वाट आन् एका वळणाला स्टुलावर बानो.

रीत अशी व्हती. लाईन लागली की बानो झाडू मारत लाईनीच्या कडंनं फिरायची. झाडूवालीकडं कोण बघतंय? माणसं मोबाईल स्पीकरवर टाकून घरच्यांशी बोलायची, आलेले निरोप मोठ्यानं लावायची. बानो ऐकायची. मंग मागच्या दारानं आत जाऊन बसायची. तो गट वळणावर आला की काळोखातनं हलकीच हाक यायची. कुणाच्या आजीच्या आवाजात, कुणाच्या बायकोच्या. नाव घेऊन. ती माणसं तर घरी असायची, वीस-तीस कोसांवर! अशी बोंब उठायची आत, आन् बाहेर आल्यावर असं हसायची लोकं, की पुन्हा तिकिटं घ्यायची. बाकीच्या पार्कातलं भूत समद्यांचं सारखंच. आमचं भूत तुमाला वळखायचं. मोठेपणा म्हणाल तर तेवढाच व्हता आमचा, आन् तिथंच घात झाला.

भोरहून सरोजताई आल्या त्या भावाच्या पोरांना घेऊन. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाई. इस्त्रीची साडी, केस चापून बसवलेले. पोरं दंगा करत व्हती आन् ह्या लाईनीत कडेला उभ्या राहून मोबाईल स्पीकरवर लावून एकच निरोप परत परत ऐकत व्हत्या. तरण्या पोराचा आवाज, "आई, मी निघालो गं. जेवायला थांब माझ्यासाठी."

बानोनं ऐकलं. तिला वाटलं, पोरगं येतंय घरी. कुणालाबी तसंच वाटलं असतं. वळणावर तिनं हाक घातली, "आई, थांबलीस ना गं जेवायला?"

त्या दिवशी आत बोंब उठली न्हाई. पोरं एकटीच बाहेर आली, म्हणाली, आत्या खाली बसली. आमी बॅटरी घेऊन गेलो तर सरोजताई जमिनीवर, भिंतीला गाल लावून. रडत नव्हत्या. भिंतीला म्हणत व्हत्या, "थांबलेय रे. अजून थांबलेय."

पोरगं श्रेयस. वरंध घाटात मोटरसायकल घसरून जागीच गेलं व्हतं, सात महिनं आधी. तो निरोप त्याच्या अर्धा तास आधीचा.

बानोनं कानाला खडा लावला. चार दिवस कामावर आली न्हाई, मला म्हणाली, "साळे, म्या मेलेल्या पोराच्या तोंडनं त्याच्या आईला हाक मारली गं. मला कोण माफ करंल?" म्या म्हणलं, तुला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "ठाऊक नसलं म्हणून झालं?"

पर पुढच्या गुरुवारी सरोजताई परत आल्या. एकट्या. तिकीट घेतलं, लाईनीत उभ्या राहिल्या आन् बानो झाडू मारत जवळनं गेली तसा मोबाईल तिच्या दिशेनं धरून तोच निरोप लावला. बानो झाडू मारायची थांबली. माझ्याकडं बघितलं. म्या मान हलवली, नको म्हणून. पर आईचं तोंड बघून तिला राहवलं न्हाई. आत जाऊन एकच वाक्य बोलली. सरोजताई बाहेर आल्या त्या अशा, जशी पोटभर जेवून आल्यात.

त्यांनी कुणाला तरी सांगितलं असणार. महिन्याभरात आमची लाईन बदलली. पोरंसोरं कमी झाली. मोठी माणसं यायची, एकेकटी, कुणी कुणाशी बोलायचं न्हाई. भर दुपारी बाराच्या उन्हात तीस-चाळीस माणसं वळीनं उभी आन् प्रत्येकाच्या हातात मोबाईल चालू. "बाबा, पोचले हां मी." "अहो, दूध आणा येताना." "आज्जी, वाढदिवसाला ये." समदे आवाज मेलेल्यांचे. झुकझुकगाडी मोकळी फिरायची, पाळणा कुरकुरायचा, आन् त्या लाईनीतनं ते बोलणं पुढं पुढं सरकत यायचं माझ्याकडं, तिकीट पुढं करत. म्या तिकिटं फाडायची आन् कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. भ्या वाटायचं मला. दिवसाढवळ्या, सांगते ना!

स्वरूपशेट म्हणाले, असा पार्क उभ्या महाराष्ट्रात न्हाई. म्या म्हणलं, शेट, हा पार्क ऱ्हायलाच न्हाई. तर म्हणे, साळूबाई, तुमी तिकिटं फाडा.

मंग एक दिवस सरोजताईंची पोरगी आली. श्रावणी. कॉलेजातली, सतरा-अठराची, हडकुळी, हातातल्या ओढणीला पीळ घालत उभी. बानोला शोधत थेट मागच्या दाराला आली. पोरीनं डोकं लावून हुडकलं व्हतं तिला.

"मावशी, तुम्ही हे बंद करा," म्हणाली. "आई रोज रात्री त्याचं ताट वाढते आणि समोर बसून राहते. मला म्हणते, तू जेवून घे. स्वतः काही खात नाही. अकरा किलो उतरलीय. बाबा तर मी लहान असतानाच गेले. आता आईही अशीच जाईल. मी घरात आहे, मावशी. मी समोर बसलेली असते. तिला मी दिसतच नाही."

बानोचे डोळे भरून आले. म्हणाली, "मी गप बसले तर ती दुसरं कायतरी हुडकंल. त्यापरीस तू आत बस माझ्या जागंवर. तू हाक मार तिला. तुझी हाक, तुझ्या आवाजात. काळोखात आपल्या पोरीची हाक आली की कुठलीबी आई भानावर येती."

मला पटलं. खोटं कशाला बोलू, मीबी म्हणलं, झ्याक इचार हाय. आमी दोघी शहाण्या!

सरोजताई दर गुरुवारी यायच्या, त्या गुरुवारी श्रावणी स्टुलावर बसली. बानो तिच्यामागं आन् मी तिच्या बाजूला. दाराला दुसरी बाई उभी केली व्हती. सरोजताईंची पावलं वाजली, वळणावर येऊन थांबली. त्यांना ती जागा डोळे झाकून ठाऊक. श्रावणीनं माझा हात घट्ट धरला आन् हाक मारली.

"आई. मी आहे गं. घरी चल. मला भूक लागलीय."

मला वाटलं, आता ती पोरीला पोटाशी धरंल.

सरोजताई बोलल्या ते अगदी साध्या, ऑफिसातल्या आवाजात. "बानोबाई, हा नको. हिचा आवाज मी रोज घरी ऐकते. हुबेहूब काढलात, पण मी ह्याच्यासाठी येत नाही. श्रेयसचा काढा."

माझ्या हातातला हात थंडगार पडला. बानो तोंडावर हात दाबून उभी. अंधारात सरोजताई वाट बघत उभ्या आन् आमी तिघी दीड हातावर. जरा वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "काढा ना हो. मला माहितीय तुम्ही आहात ते. पहिल्या दिवसापासून माहितीय." मंग माझा हात सुटला, मागचं दार उघडल्याचा उजेड आला आन् गेला. पोरगी निघून गेली व्हती.

बानोनं त्याच दिवशी काम सोडलं. स्वरूपशेटनं हातापाया पडून बघितलं, दुसऱ्या दोन बाया आणून बसवल्या, पर त्यांची हाक ऐकून लोकं हसायची. भूतबंगल्याला कुलूप लागलं. लोकं हायवेवर उलटं टांगून घ्यायला गेली. जाऊ देत. बानो भोरात शब्बीरला डबा पोचवायची, नमाज पढायची, आन् कुणी आवाज काढ म्हणलं तर उठून जायची. मी सुट्टीला तिच्याकडं जायचे. आमी श्रावणीचं नाव काढायचो न्हाई.

दोन महिन्यांनी पोरगी आपण होऊन दारात आली. बानो भाकरी थापत व्हती, मी चुलीपुढं. श्रावणीचं तोंड जरा भरलेलं दिसलं. मला बरं वाटलं.

"कशी हाय गं आई?" बानोनं इचारलं.

"जेवते आता," श्रावणी म्हणाली. "माझ्याबरोबर जेवते. मी घरी सराव केला, मावशी. खूप केला. तुम्हाला ऐकवायला आलेय. बरोबर येतोय का सांगा."

आन् तिनं आवाज काढला. मी शपथेवर सांगते, तो श्रेयस व्हता. लाईनीत मोबाईलमधनं शंभर वेळा ऐकलेला. ओठ पोरीचे हलत व्हते.

बानोचा हात पिठात तसाच ऱ्हायला. मंग ती तडकून म्हणाली, "न्हाई येत. अजिबात न्हाई येत. सोड ते!" मीबी घाईघाईनं म्हणलं, न्हाई येत गं, कायच्या काय वाटतंय. पोरगी आमच्या तोंडांकडं बघत हसली. इतक्यात तिचा फोन वाजला. "कुठं आहेस रे?" सरोजताईंचा आवाज, आनंदात. पोरीनं त्याच आवाजात सांगितलं, येतोय, दहा मिनिटं. तिकडनं सरोजताई खळखळून हसल्या. मी त्या बाईला तवर कवा हसताना ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून श्रावणी उठली. "येते मावशी," म्हणाली.

आवाज त्याचाच.

बानोनं पिठाच्या हातानंच तिचं मनगट धरलं. "तुझ्या आवाजात म्हण, पोरी. म्हण ना."

पोरीला कळंना, आमी काय म्हणतोय ते. तिनं घसा खाकरला, पाणी मागून घेतलं, आन् पुन्हा म्हणाली, "येते मावशी." पुन्हा तोच.