विलायतेचा क्लब आणि आमचं भातखाचर

आमच्या वस्तीत गूळ वाटायचा तर घरात काहीतरी घडावं लागायचं. पोर जन्मलं, कोणी मॅट्रिक झालं, कोणाला नोकरी लागली. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात एका सकाळी अख्ख्या वस्तीत गूळ वाटला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी हात पुढे करून विचारलं, "काय, पास झालं का कोन?"

"आपला क्लब युरोपात पयला आला," आबा म्हणाले.

"आपला? कुठला?"

"विलायतेचा."

"आरं, विलायत आपली कवा झाली? ती तर गेली न्हवं सोडून!" असं म्हणून काकांनी गूळ मात्र तोंडात टाकला.

आबा पलटणीत वीस वर्षं काढून आलेले. तिथे ते फुटबॉल शिकले, पलटणीच्या संघात खेळले, आणि पेन्शनीत घरी येताना एक ट्रंक, एक शॉर्टवेव्ह रेडिओ आणि हे वेड घेऊन आले. पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या पुढे आमची वस्ती. आजूबाजूला सगळी कबड्डी आणि कुस्तीची माणसं. त्यांच्यात आबांनी भात निघाल्यावर रिकाम्या पडलेल्या खाचरात बांबूचे खांब रोवले, राखेच्या रेघा मारल्या आणि वस्तीतली दहा-बारा जणं जमवली. त्यांना संघासाठी लाल सदरे हवे होते, विलायतेच्या त्या क्लबासारखे. वस्ती म्हणाली निळेच. आबांनी फार ताणलं नाही. निळे तर निळे.

तो क्लब एका बंदराच्या शहरातला. गोदीत राबणाऱ्या माणसांचा, असं आबा सांगायचे, आणि मला वाटतं म्हणूनच तो त्यांना आपला वाटायचा. सकाळच्या इंग्रजी बातम्या संपता संपता खेळाचे निकाल यायचे. आबा रेडिओला कान लावून बसायचे आणि मी निकाल वहीत लिहायची. रेडिओला घरात दुसऱ्या कोणी हात लावला तर खैर नव्हती. सत्त्याहत्तरला ते युरोपचा चषक जिंकले, अठ्ठ्याहत्तरला पुन्हा जिंकले. दोन वर्षं गेली, काका मला चिडवायला लागले, "काय गं, तुज्या बापाचा गूळ सपला का?" एक्याऐंशीला तिसऱ्यांदा जिंकले. मी स्वतः गुळाची परात घेऊन आधी काकांच्या दारात गेले.

हे लोक सारखे कसे जिंकतात, याचं उत्तर आबांना एकदा रेडिओवरच मिळालं. त्या क्लबात मैदानामागे बूट ठेवायची एक खोली होती. कोच आणि त्याचे मदतनीस तिथे चहा पीत बसायचे, खेळाचं बोलायचे. जुना कोच गेला की बाहेरून कोणी बडा माणूस आणायचा नाही, त्याच खोलीत इतकी वर्षं बसलेल्याला पुढे करायचं. हे तिन्ही चषक जिंकणारा कोचसुद्धा आधी मदतनीसच होता. आबा हे ऐकून दोन दिवस तेच बोलत होते.

आमची बुटांची खोली म्हणजे आमची पडवी. तिथे मी चेंडूच्या आतल्या ब्लॅडरला सायकलचं ठिगळ लावायची, चेंडूची कातडी वादी ओवायची आणि आबा पोरांची उणीदुणी काढायचे ती ऐकायची. लग्न झालं तरी त्यात खंड पडला नाही, कारण मला दिली चार घरं सोडून, तीही आमच्या संघाच्या गोलकीपरला. नवऱ्याचं कुठे चुकतं हे मला आबांच्या तोंडून आधी कळलं आणि मग लग्न झालं. अशी बायको कोणाच्या नशिबी येऊ नये, असं तो म्हणायचा.

मग आबांचे डोळे गेले. काचबिंदू. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना माणूस आवाजावरून ओळखावा लागायला लागला. संघ म्हणजे दावणीतून सुटलेली जनावरं झाली, जो तो चेंडू घेऊन एकटाच पळायचा. एक दिवस आबांनी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि म्हणाले, "म्होरं संघ ही बघंल." ही म्हणजे मी.

कोणी खोकलं, कोणी हसलं. कॅप्टन उभाच राहिला. उंच, देखणा गडी, पायात ताकद बैलाची, आणि डोक्यातही. "आबा, तुमचा मान हाय. पन बाई सांगनार आन आमी पळनार? चार गावं थुकतील तोंडावर. पुण्यास्नं एकांदा मास्तर आनू."

माझा नवरा जमिनीकडे बघत बसला होता. मला त्याचा असा राग आला म्हणता! बरं, मीही काही मुळूमुळू रडणारी नव्हे. म्हटलं, "कोन कुठं हुभं ऱ्हातं आन कोन कवा दमतं, ते त्या मास्तराला ठावं हाय का?" पण वर्षभर ते तसंच लोंबकळत राहिलं. सराव मी घ्यायची, निम्मे यायचे, कॅप्टन आला तर झाडाखाली बसायचा.

त्याच वर्षी विलायतेच्या क्लबाचा कोच निवृत्त झाला आणि खोलीतला म्हातारा मदतनीस त्याच्या जागी आला. चौऱ्याऐंशीच्या मे अखेरीस त्याने पहिल्याच वर्षी युरोपचा चषक आणला. तोही समोरच्यांच्या शहरात, त्यांच्याच मैदानात, बरोबरीनंतर पेनल्टीवर. आठ उन्हाळ्यांत चार चषक! बातमी ऐकली आणि आबांनी मला गूळ आणायला पाठवलंच नाही, आधी कॅप्टनला बोलावणं धाडलं.

"ऐकलंस का? मदतनीस व्हता त्यो. बाहीरचा न्हाई."

"व्हय आबा, पन त्यो गडी हाय," कॅप्टन म्हणाला. शेवटी तोडगा निघाला. मिरगाच्या आधीच्या रविवारी आमच्याच खाचरात चार गावांचे सामने होते. तेवढे माझ्या हाताखाली खेळायचे. हरलो तर पुण्याचा मास्तर आणि मी चुलीपाशी. जिंकलो तर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही.

आता माझी चूक सांगते, लपवून काय करू. गोलपुढची जमीन सुगीपासून पाय आपटून खड्डे पडलेली. नवरा तिथे पडून गुडघे फोडून घ्यायचा. मी विचार केला, चार गावांची माणसं येणार, जागा कशी आरशासारखी पाहिजे. मळणीचं खळं करतो तसं करायचं. माती भरली, चोपण्याने चोपली आणि वरून शेणाने सारवली. उगवतीकडचा गोल शनिवारी दुपारीच झाला. मावळतीकडचा करताना शेण संपलं, ते रविवारी उजाडता सारवलं. माझी आई असती तर म्हणाली असती, अगं, ऊन कधी लागणार त्याला!

सकाळचा सामना आम्ही मावळतीच्या बाजूने सुरू केला, पाऊण तासात उगवतीकडे चार गोल टाकले आणि समोरच्यांनी तिथेच हार मानली. मावळतीला चेंडू फारसा आलाच नाही, म्हणून मला कळलंही नाही. दुपारी आभाळ भरून आलेलं. शेजारच्या चांदे गावाच्या संघाशी शेवटचा सामना, आणि नाणेफेकीत आम्हाला मावळतीचा गोल आला. दहाव्या मिनिटाला साधा, घरंगळत आलेला चेंडू. नवरा वाकला आणि त्याचे दोन्ही पाय पुढे गेले. पाठीवर आडवा. चेंडू त्याच्या अंगावरून आत गेला.

बांधावरून कोणीतरी ओरडलं, "सारवलं बायकूनं, पडला नवरा!" अख्खं खाचर हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा शेणाने माखलेला, गुडघ्यातून रक्त, आणि तरी माझ्याकडे बघून त्याने हात वर केला, काही नाही झालं म्हणून. वर्षभराचा माझा राग तिथेच गेला.

मध्यंतराला बाजू बदलायची होती. मी दोघांना भाताच्या तुसाची पोती आणायला पिटाळलं, म्हणजे निसरडं मोडेल. कॅप्टन आडवा आला. "आक्का, खुळी का काय? आता तितं त्येंचा गडी हुभा ऱ्हानार. पडू दे की!"

"चूक माजी हाय. माज्या चुकीवर मला गोल नगं."

"हरलू तर तूच घरी बसशील!"

"बसंन."

तो तडक बांधावर आबांकडे गेला. शेजारच्या माणसाकडून सामना ऐकत आबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कशाला इचारतुयास? कोच तिकडं हुभी हाय." मग तूस पडलं. चांद्याच्या गोलकीपरने त्यावर पाय घासून पाहिला आणि मला हात जोडले.

तो वेळ वाया गेला नाही. तूस पसरेपर्यंत मी सगळ्यांना गोळा केलं. "चेंडू उडवायचा न्हाई. जमिनीवर ठिवायचा, जवळच्याला द्यायचा, आन दिला की हुभं ऱ्हायचं न्हाई, म्होरं पळायचं." विलायतेचा क्लब असंच खेळायचा. कॅप्टनला म्हटलं, तू पुढे नाही, मधे खेळ. पुढे खेळायचा त्याला केवढा मान होता. मला वाटलं, आता सदरा काढून फेकणार. दात-ओठ खात का होईना, मधे गेला.

आणि काय सांगू, तो माणूस मधल्यासाठीच जन्मला होता! सगळे चेंडू त्याच्याकडे यायचे आणि तो वाटायचा. पहिला गोल पाच जणांच्या पायांतून फिरून आला. दुसरा शिट्टीच्या थोडा आधी, कॅप्टनने स्वतःला मारता आला असता तो चेंडू बाजूच्याला दिला, त्याने मारला. एकाला दोन. मी पदर खोचून बांधावरून नाचले. काकांनी सांगितलं म्हणून नंतर कळलं.

आमच्याकडे जिंकलेल्या संघाच्या वस्तादाला फेटा बांधायची रीत आहे. आम्ही जिंकलो की कॅप्टनने आबांना बांधायचा. आवाज ऐकून आबांनी सवयीने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान थोडी खाली करून बसले. कॅप्टन फेटा घेऊन आला, त्यांच्या पुढून गेला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "आक्का, वाका जरा," म्हणाला. नजर वर केली नाही. माझ्या डोक्यावरच्या पदरावरूनच त्याने फेटा गुंडाळला, वाकडातिकडा. मला रडू आलं आणि मी चार गावांपुढे रडले.

टाळ्या वाजत होत्या आणि आबा तसेच मान खाली करून बसलेले. डोक्यावर काही येईना, तेव्हा त्यांनी हवेत हात फिरवला. "कुनाला बांधला रं?"

माझा नवरा त्यांच्याशेजारी गुडघ्याला फडकं गुंडाळत होता. तो म्हणाला, "माज्या बायकूला."

आबांनी मांडीवरची टोपी चाचपली, झटकली आणि परत डोक्यावर घातली. "मग बराबर हाय," ते म्हणाले. "गूळ आना."