ताराचंदला बसलेले श्रोते हवे होते

नागपूरच्या सदर भागातल्या एका बँड पार्टीत ताराचंदने सत्तेचाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं, आणि एवढ्या वर्षांत एकाही माणसाने ते बसून ऐकलं नाही. लोक नाचायचे, एकमेकांना ढकलायचे, फेटे सावरायचे. नवरदेवाचा मामा तर कानाशी येऊन अजून जोरात वाजवायला सांगायचा. वरातीत बसलेला माणूस एकच, तो नवरदेव, आणि त्याचं सगळं लक्ष घोड्यावरून न पडण्याकडे असायचं.

वाजवणं त्याला फिलिप मास्तरांनी शिकवलं. मास्तर गोव्याचे. तरुणपणी नागपुरातल्या एका क्लबात चौदा जणांच्या जॅझ बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवत. अमेरिकेतल्या बिग बँडवाल्यांच्या तबकड्या ऐकून त्यांनी एक करामत उचलली होती. ट्रम्पेटच्या तोंडावर वाटी धरायची, जरा उघडायची, जरा झाकायची, की ते माणसासारखं कुरकुरायचं, रुसायचं, हुंदका द्यायचं. क्लब बंद पडला, मास्तर वरातीत आले आणि ती करामत ताराचंदच्या हाती देऊन गेले. पाठवणीच्या वेळी त्याने वाटी उघडली की नवरीचा बाप हमखास रडायचा. श्रेय मात्र लेकीच्या सासरी जाण्याला मिळायचं.

आता त्याचे पुढचे दोन दात हलत होते. दंतवैद्य बाईंनी मंगळवारी सकाळी ते काढायचं ठरवलं. कवळी बसली की ओठाला टेकू राहत नाही, आणि ट्रम्पेट संपतं.

अशात देव पावला. रामदासपेठेतल्या जॅझप्रेमी मंडळाने सोमवारी संध्याकाळी ‘बिग बँडचे ट्रम्पेटवादक आणि त्यांचा चिरंतन प्रभाव’ असा कार्यक्रम ठेवला. प्रभावाचा एखादा जिवंत नमुना मंचावर असावा, असं अध्यक्ष गोपाळरावांना वाटलं. सत्कार आणि मग दहा मिनिटं वादन, असं ठरलं. ताराचंद हॉल बघून आला. पांढरी कव्हरं घातलेल्या सव्वाशे खुर्च्या होत्या.

"उद्या लोक बसून आयकतीन," रविवारी तो बायकोला म्हणाला. "मंग दात गेले तं गेले."

सिंधूताईनेही त्याला कधी धड ऐकलं नव्हतं. बँडवाल्याची बायको वरातीत जात नाही, आणि घरी वाजवलं की शेजारच्या यमुताई भिंत ठोकत. ती नवं लुगडं नेसून गेली आणि शेवटच्या रांगेत बसली.

कार्यक्रम रीतसर झाला. पाहुण्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा झाला. गोपाळरावांनी पडद्यावर चाळीस चित्रं दाखवली. वाटीची करामत समजावताना त्यांनी ताराचंदच्या हातातली वाटी घेतली आणि श्रोत्यांमध्ये फिरवायला दिली. लोकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, फोटो काढले. वाटी शेवटच्या रांगेत पोचली तेव्हा सिंधूताईने ती ओळखली. तिच्या आंदणातल्या सहा वाट्यांपैकी ती हरवलेली सहावी होती, आणि तिच्यापायी सिंधूताई तीस वर्षं यमुताईंवर संशय घेत आली होती.

तिकडे गोपाळराव सांगत होते, की असं ट्रम्पेट आज नागपुरात कुठेच ऐकायला मिळत नाही. ताराचंद त्यांच्या शेजारी, मांडीवर ट्रम्पेट घेऊन बसला होता. मग त्याला शाल आणि नारळ मिळाला. दोन्ही हात गुंतले, आणि तेवढ्यात आभार सुरू झाले. वेळेअभावी वादन होऊ शकत नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त झाली. बाहेर तर्री पोहे तयार होते.

लोक उठले. गोपाळराव जाता जाता थांबले. "तुम्ही वाजवा ना, ताराचंदजी. खाताना लोकांना बरं वाटेल."

ताराचंदला रडू फुटायचं बाकी होतं. वरातीत निदान कोणी बसून ऐकेल असं सांगितलेलं नसतं. त्याने नारळ खाली ठेवला. सिंधूताई मंचापाशी आली, वाटी पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग ती पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली.

त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. डेकोरेशनवाला गोविंदा खुर्च्या एकात एक घालत पुढे येत होता. तो पहिल्या रांगेपाशी आला आणि तिला उठायला सांगू लागला.

"थांब गा भाऊ," सिंधूताई म्हणाली. "मी आयकून राहिली."

ताराचंदने ट्रम्पेट खाली घेतलं, तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.