कोड पुसल्यापासूनचं अंतर

न्यूझीलंडला हॅमिल्टनमधल्या ज्या गॅरेजमध्ये मी काम करते, तिथल्या मालकाने गेल्या जानेवारीत मला एक नवं स्कॅनर दोन आठवड्यांसाठी वापरायला दिलं. विकणाऱ्या कंपनीने ते ट्रायलवर पाठवलं होतं. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनरची वायर जोडली की गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर आपापली दुखणी कोडच्या रूपात पडद्यावर सांगतात. आमचं जुनं स्कॅनर युरोपियन गाड्यांसमोर मुकं व्हायचं आणि जपानहून वापरून आलेल्या गाड्यांना ओळखच द्यायचं नाही. नवं घ्यावं की नाही, यावर मी रिपोर्ट लिहायचा होता. पुण्यात मी नऊ वर्षं गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं टेस्टिंग केलं होतं, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला तर अजिबातच नाही.

स्वभावाने मी फटकळ आहे. ‘या गाडीत आता पैसे घालू नका’ असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. मालक म्हणतो, निदान आधी कॉफी तरी विचारत जा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई मुळातच बुजरी असणार. तसं नाही, आणि तसं असतं तर मला इतकी लाज वाटली नसती.

पहिल्या आठवड्यात मिळेल त्या गाडीला मी ते स्कॅनर लावलं. यंत्र खरंच गुणी होतं. फार्मवरून आलेल्या एका यूटमधला, म्हणजे छोट्या पिकअपमधला, खराब सेन्सर जुन्या स्कॅनरला तीन दिवस सापडत नव्हता, तो याने चहा व्हायच्या आत दाखवला. शनिवारी मालकाला विचारून मी ते घरी नेलं. कारण सांगितलं की आणखी गाड्यांवर तपासायचंय. खरं कारण वेगळं होतं. त्या दिवशी आमच्या इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि मंडळातल्या बायका माझ्याबद्दल ‘पुण्यात इंजिनिअर होती हो, इथे गाड्या दुरुस्त करते’ असं ज्या सुरात बोलतात, तो सूर मला बदलायचा होता. काळ्या पेटीतला तो टॅबलेट एखाद्या सर्जनला शोभावा असा होता. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

हॉलच्या पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. मंडळातले एक काका मुलाकडे ब्रिस्बेनला कायमचे निघाले होते आणि त्यांची हायब्रिड गाडी विकायची होती. घेणारी होती हॉस्पिटलमधली एक नर्स. दोन वर्षांपूर्वी नवरा आणि लेकीबरोबर इथे आलेली, इथलं लायसन्स तिसऱ्या प्रयत्नात मिळवलेली. ही तिची स्वतःची पहिली गाडी होणार होती. सकाळच्या शिफ्टला वेळेत पोचायचं तर तिला गाडी हवीच होती. घेण्याआधी कुठेतरी रीतसर तपासून घ्यावी असं ती म्हणत होती, पण नवरा म्हणाला, आपल्या ताई आहेत ना, त्या बघतील की.

मी वायर जोडली. सात-आठ जण भोवती जमले. पडदा हिरवा झाला, एकही कोड नाही. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं, पण मिरवायचं होतं ना, म्हणून आतली पानं उघडून दाखवायला लागले. त्यात एक ओळ होती. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, ते अंतर. एकोणीस किलोमीटर.

काकांच्या घरापासून हॉल साधारण तेवढाच लांब आहे. म्हणजे त्याच सकाळी, निघायच्या आधी, कुणीतरी गाडीतले कोड पुसले होते. दुरुस्ती झाली की आम्हीही कोड पुसतो. दुरुस्ती न करता पुसले, तर ते लपवण्यासाठीच; दोष तसाच राहतो, फक्त काही दिवस पडद्यावर दिसत नाही.

मी काकांना विचारलं, गाडीचं एवढ्यात काही काम करून घेतलंत का? ते म्हणाले, छे गं, हात लावायची गरज पडली नाही कधी. आणि फोनमध्ये बघायला लागले.

मला सगळं कळलं. खोटं सांगणार नाही, त्याच क्षणी कळलं. पण शेजारी काकू उभ्या होत्या. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा याच काकूंनी तीन आठवडे डबा पोचवला होता. त्यांनी नुकताच माझ्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हटलं होतं, तो अजून तोंडात विरघळत होता. अशा वेळी चारचौघांत त्यांच्या नवऱ्याला खोटारडा कसं म्हणायचं? नर्स माझ्या उजव्या हाताला उभी होती, वाणात मिळालेली स्टीलची वाटी छातीशी धरून. तिने विचारलं, “ताई, घेऊ ना?”

मी म्हणाले, “स्कॅन क्लीन आहे.”

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात, फक्त इथे भीड माझी होती आणि भीक दुसरीच्या पदरात पडली. टाळ्या वाजल्या, कुणीतरी मशीनचा फोटो काढला, मी वायर गुंडाळून पेटीत ठेवली.

पुढच्या शुक्रवारी रिपोर्ट लिहिला. वेग, वापरायला सोपं की अवघड, कोणत्या गाड्या चालतात, सगळं मनापासून लिहिलं. शेवटी एक ओळ घातली, की कोड पुसल्याची माहिती आतल्या पानावर आहे आणि वापरणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. उद्या काही झालंच तर म्हणून मी अटकपूर्व जामीन घेऊन ठेवला होता. मालकाने नेमकी तीच ओळ बोटाने दाखवून विचारलं, तुझ्या नजरेतून सुटली? मी म्हटलं, जवळजवळ. त्याने मान डोलावली, तुझ्या नजरेतून सुटतं तर नको म्हणाला आणि चांगलं यंत्र माझ्या शब्दावर परत पाठवून दिलं. महिनाअखेरीस काका-काकूंचा निरोपसमारंभ झाला, त्याला मी श्रीखंड करून नेलं.

फेब्रुवारीत ती गाडी सकाळी सकाळी एका भर गर्दीच्या राउंडअबाउटवर बंद पडली. हायब्रिडची मोठी बॅटरी निकामी झाली होती. मागे हॉर्नवर हॉर्न, आणि ही आत एकटी. टो करून गाडी आमच्याकडेच आली. नर्स टोच्या ट्रकमधून उतरली तेव्हा अजून युनिफॉर्ममध्येच होती. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “तुमच्या मशीनमध्ये तर सगळं नीट होतं, ताई. मीच काहीतरी चुकीचं चालवलं असणार.”

मी बॉनेट उघडायला वळले. बघते, म्हटलं.

नवी बॅटरी महाग, म्हणून गाडी आमच्याच आवारात पडून राहिली. मग कानावर यायला लागलं. नवऱ्याचं म्हणणं, ही सारखी ब्रेक दाबत चालवते म्हणून बॅटरी गेली. असं काही नसतं, उलट हायब्रिडची बॅटरी ब्रेक लावताना चार्ज होते, पण सांगणार कोण? त्याची स्वतःची गाडी दिवसभर घरी उभी असायची, कारण तो घरूनच काम करतो. तरी ती तिला मिळत नव्हती. सकाळची बस वेळेत पोचत नाही म्हणून तिने दुपारच्या शिफ्ट मागून घेतल्या. लेक शाळेतून यायची तेव्हा आई घरी नसायची. आणि विचारलं की ती म्हणायची, नाही हो, मलाच आता भीती वाटते चालवायची.

हे ऐकून मला झोप लागेना. तरी आठ दिवस मी काही केलं नाही. नवव्या दिवशी तिला सुट्टी होती, तेव्हा दुपारी तिच्या घरी गेले.

ती चहा टाकत होती. मी ओट्याशी उभं राहूनच सांगितलं. एकोणीस किलोमीटर, त्याचा अर्थ, मला तो लगेच कळला होता हे, सगळं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, “मी तुमच्या शेजारीच उभी होते ना, ताई.”

तिने विचारलं, हेच याच्यासमोर सांगाल का? मी हो म्हटलं. नवरा आतल्या खोलीतून आला, मला बघून आनंदला, बसा म्हणाला. मी सगळं पुन्हा सांगितलं. चूक हिच्या चालवण्याची नव्हती, माझी होती, असं सरळ शब्दांत म्हटलं.

तो अवघडून हसला. “अहो ताई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही तर मदतच करत होतात. शेवटी गाडी चालवणाऱ्याच्या हातात असते.” आणि तिला म्हणाला, “अगं, चहा दे ना त्यांना.”

घरी आलेल्या बाईला दुखवायचं नाही म्हणून त्याने मला सोडून दिलं होतं, आणि दोष उचलून पुन्हा तिच्याच माथी ठेवला होता. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, पण तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि सवयीने मी तो हातात घेतला.

ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. “ताईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना तू? मग तुझ्या गाडीची किल्ली दे. पिलूला शाळेतून मी आणते.”

माझ्यासमोर, पाहुण्यांसमोर, ती हे बोलली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि दिली. तिने दाराशी जाऊन चपला घातल्या. मग ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, तुमची गाडी मध्ये आलीये. जरा काढता?”

चहा तसाच ठेवून मी उठले.