पूजेआधी पाणी नाही : लातूर ते अर्धापूर

बायकोची वही आणायला निघालो होतो. पहाटे इष्टलिंग तळहातावर घेऊन ती जी पदं म्हणायची, ती तिनं दोनशे पानी वहीत उतरवून ठेवली होती. वही अर्धापूरला धाकट्या मेहुणीकडं, शांताकडं राहिलेली. माझं स्वतःचं लिंग चाळीस वर्षं आमच्या कापडदुकानाच्या कपाटात पडून होतं. ती गेल्यावर ते गळ्यात घातलं आणि तिच्या समाधीपुढं बोलून बसलो : रोज पूजा, मग पोथीच्या दहा ओव्या, अन् तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. आयुष्यात व्यायाम टिकला नाही, डायरी टिकली नाही. हे मात्र एकशे दहा दिवस टिकलं होतं.

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी चारेक तासांत नांदेडला पोचते. पासष्टी ओलांडली असेल तर अर्धं तिकीट. दुपारी निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. शिवारात हरभरा घाट्यांवर आलेला. चौथीत आमचे गुरुजी टेबलावर छडीनं ताल धरून कविता म्हणायला लावत. पोथीच्या ओव्या मी अजून त्याच चालीत म्हणतो. तशा पुटपुटत होतो, तर शेजारचा म्हणाला, "काका, उद्या परीक्षा हाय काय?"

नांदेडला स्टँडजवळ लॉज घेतला. शांताचा फोन आला, "दाजी, लॉजवर काय करून राहिलात? आमचं घर ओस पडलंय का?" पहाटे तिचं सगळं घर उठवायला नको, म्हणून सकाळी येतो म्हटलं.

तुम्हीही पूजेचा नेम सांभाळून फिरणार असाल, तर एक ध्यानात ठेवा : रात्रीच बादली भरून घ्या. मी घेतली नाही. पहाटे पाच वाजता नळ कोरडा. पाणी आलं सहाला. लिंगाचा शिवदोरा ओला झाला की मानेला खाज सुटते, म्हणून लिंग काढून खुंटीला अडकवलं. अंगावरून काढू नये, हे मला ठाऊक होतं. घरी इन्सुलिन टोचून पूजेला बसतो, उठेपर्यंत सून ताट वाढते. इथंही सवयीनं आंघोळ होताच सुई टोचली. घड्याळ पाहिलं, बस सुटायला आली होती. अर्धापूर वीस-पंचवीस मिनिटांवर. पूजा शांताच्या देवघरात करू, असं ठरवून स्वेटर चढवला आणि पळालो.

बस सुटलीच उशिरा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, धुकं पानांवर टेकलं होतं, आणि मी नमस्कारासाठी छातीवर हात नेला.

छाती रिकामी.

लॉजवर फोन लावला. मॅनेजर सलीमभाई खोलीत जाऊन पाहून आले. "हाव काका, खुंटीला हाय. पर मी हात लावू का? चालतंय का तुमच्यात?"

माझी जीभ जड झाली होती. "नका लावू, भाई. फक्त कुलूप लावा."

अर्धापूरला उतरलो तेव्हा पाठीवरून घाम वाहत होता, तोही माघाच्या थंडीत. परतीची बस लागलेली नव्हती. शांताचं घर स्टँडमागंच, पण तेवढ्या अंतरात दोनदा भिंत धरली. दारात मला पाहताच तिनं आतून केळी आणली.

"सुई टोचली का?"

"टोचली. पूजा राहिली. लिंग नांदेडला..."

"आधी हे खावा."

"नको. एकशे अकरावा दिवस आहे. मी बोललोय तिच्यापुढं."

"मराया बोलला होता का?" तिनं साल सोलून केळं माझ्या हातात कोंबलं. मी ते मांडीवर ठेवलं. मग ती खाली, माझ्यासमोर बसली.

"दाजी, आक्का कितीदा पूजा अर्धी सोडून उठलीय, म्हाईत हाय का? तुमची साखर उतरून तुम्ही झोपेतच घामाघूम व्हायचे. लिंग ठिवायची, तुम्हाला गुळाचं पाणी पाजायची, अन् परत बसायची. मला फोनवर सांगायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची. घाबरतेत, म्हणायची."

काही पहाटे तोंड गोड असायचं. मला वाटायचं, स्वप्न पडलं.

केळं खाल्लं. दुसरंही खाल्लं. रडू येत असताना गिळता येत नाही, पण गिळलं.

तासाभरानं अंगात जीव आला. वही घेऊन नांदेडला परतलो. सलीमभाईंनी खोलीची किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली होती. एक गिऱ्हाईक आलं, त्याला दुसरी खोली दिली म्हणाले. ज्यादा पैसे देऊ लागलो तर हात जोडले. त्याच खोलीत, भरल्या पोटी, साडेदहा वाजता पूजा केली. लाज वाटत होती. पोथी मिटेपर्यंत गेली नाही.

आता लातुरात आहे. वहीतलं एक पद रोज पाठ करतो. तो दिवस मोडला की टिकला, हे अजून ठरवता आलेलं नाही, आणि मोजायचंही सोडलंय. परवा पूजेत असताना सुनेला चक्कर आली, ती ओट्याला धरून खाली बसली. मुलगा गावाला गेलेला. मी लिंग वस्त्रात ठेवून उठलो, तिला पाणी दिलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेली गोळी दिली, तिला बरं वाटेपर्यंत जवळ बसलो. ती म्हणाली, "मामा, तुमची पूजा राहिली."

परत येऊन बसलो तर पदातली ओळ विसरली होती. पहिल्यापासून म्हणायला घेतलं.