बॅटरीची करवत आणि मेढीचा मान

कुंभार पिंपळगावात भुजंगरावांचं पोट दुखायला लागलं ते २००६ सालच्या उन्हाळ्यात. दवाखान्यात दाखवून उपयोग नव्हता, कारण दुखण्याचं मूळ शेजारच्या घरात होतं.

शेजारी लालमियाँ, गल्लीचा लालूभाई. उभी हयात ट्रक चालवून आता घरी बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा मुलगा सलीम रियाधला कामाला. त्यानं सुट्टीवर येताना बापासाठी बॅटरीवरची करवत आणली. बंदुकीसारखी मूठ, पुढं वीतभर पातं, खटका दाबला की पातं सरासरा मागं-पुढं पळायचं. वायर न्हाई की बोर्ड न्हाई. दिवसातले बारा तास लाईट नसलेल्या गावात हे म्हणजे कौतुकच होतं, आणि गल्लीतलं कौतुक आजवर एकाच घरी जायचं, भुजंगरावांच्या.

भुजंगराव काही सुतार नव्हते. सोसायटीत कारकून होते, तिथून निवृत्त झालेले. पण हातात करवत धरायची हौस दांडगी. कुणाचं दार फुगलं, कुणाच्या बाजेचा पाय लांब झाला, कुणाची लिंबाची फांदी पत्र्यावर घासली, की माणूस त्यांच्या ओट्यावर यायचा. ते आधी दहा मिनिटं नुसते बघायचे, मंग च्या प्यायचे, मंग कापायचे. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे लग्नाची मेढ. मांडवाचा पहिला खांब, उंबराचा, वर आडवी बल्ली बसायला दोन फाट्यांचं बेळकं असलेला. तो तासून-कापून सरळ करायचा मान गेली बावीस वर्षं भुजंगरावांचा. मेढ उभी राहिली की घरधनी चारचौघांत टोपी-टॉवेल द्यायचा. घरात टॉवेल इतके साठले होते की त्यांची बायको गिरिजाबाई भाकरीसुद्धा टॉवेलात गुंडाळायच्या.

तर एका दुपारी गिरिजाबाईंनीच बातमी आणली. "सोनूबाईचं दार लालूभाईनं कापून दिलं म्हणं. च्याला आधण यायच्या आत."

"कापलं असंल," भुजंगराव म्हणाले. "वाकडं कापलं असंल."

"मी पाहून आले. सरळ हाय."

त्या दिवशी भुजंगरावांनी वरणात मीठ जास्त झाल्याचं तीनदा सांगितलं. वरणात मीठ बेतशीर होतं.

संध्याकाळी ते सहज म्हणून लालमियाँकडं गेले. सहज म्हणून करवत हातात घेतली. लालमियाँ पाणी आणायला आत गेला तेवढ्यात खिशातून सुतळी काढून करवतीची लांबी मोजली आणि सुतळीला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं जालना.

कारखान्यांना हत्यारं पुरवणारं एक दुकान होतं. मालकानं दोन-तीन करवती काढून काउंटरवर मांडल्या आणि इमानदारीनं विचारायला लागला. काय कापायचं, लाकूड का लोखंडी पाईप? लाकडाला मोठ्या दाताचं पातं लागतं, लोखंडाला बारीक. ओली फांदी कापायची का सुकी फळी? घरच्या कामाला हलकी बरी, हात भरून येत न्हाई. आणि बॅटऱ्या दोन घ्या, एक चालती, एक चार्जिंगला.

भुजंगरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातली सुतळी काढून एकेका करवतीला लावायला सुरुवात केली.

"काका, हे माप कशाचं? लाकडाचं?"

"शेजाऱ्याचं," भुजंगराव म्हणाले. "याच्यापेक्षा मोठी दाखवा."

दुकानदारानं माळ्यावरून सगळ्यात मोठी काढली. ती दोन वर्षं पडून होती, कारण ती घरगुती कामाची नव्हतीच. "ही जड हाय काका, उड्या मारती. पातं चालू व्हायच्या आधी पुढची ही पट्टी लाकडाला..." असं काहीतरी तो सांगत होता. पण सुतळीची गाठ करवतीच्या मध्याशीच आलेली बघून भुजंगरावांचे कान बंद झाले होते.

पुढचे आठ दिवस त्यांनी घराचे हाल केले. धुणं वाळत घालायची बल्ली कापली. कोंबड्यांच्या खुराड्याचं फाटक कापलं. न्हाणीचं दार खालून एवढं कापलं की आंघोळ करणाराचे पाय गुडघ्यापर्यंत दिसायला लागले. करवत हातात थयथय नाचायची आणि रात्री भुजंगरावांचा तळहात ताटातसुद्धा थरथरायचा. लालमियाँला एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण विचारायचं कुणाला, तर लालमियाँला?

आणि अशात समोरच्या पुंजारामच्या पोरीचं, कौसल्याचं लग्न निघालं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की औंदा मेढ कोण कापणार. झुंबरआत्या, पुंजारामची आई, ठार बहिरी, तिनंच सगळ्यात मोठ्यानं विचारलं, "लालूभाईकडं ती मशीन हाय ना रे? त्याला सांगा की."

पुंजाराम बिचारा मधल्यामधी. "मान भुजंगरावांचा हाय आई," तो तिच्या कानात ओरडला. हे सगळ्या गल्लीनं ऐकलं. भुजंगरावांनीही ऐकलं. पण त्यांच्या मनात राहिला तो आत्याचा प्रश्न.

मांडवाच्या दिवशी अंगणात उंबराची फांदी पडलेली. पाला दोन्हीकडं, बेळकं पाल्यात झाकलेलं. बायका हळद-कुंकू घेऊन उभ्या. लालमियाँ लांब खुर्चीवर बसलेला, मोकळ्या हातानं. त्यानं करवत आणलीच नव्हती. भुजंगरावांना ते खटकलं. आणली असती तर बरं झालं असतं, शेजारी-शेजारी ठेवून लोकांना लांबी तरी दिसली असती.

एरवी हाताच्या करवतीनं मेढ कापायला अर्धा तास जायचा. तेवढ्यात कुणी तरी तंबाखू मळत म्हणायचंच, "बेळकं सांभाळा बरं का." आज ते म्हणायला वेळच नव्हता. भुजंगरावांनी फांदीवर पाय दिला, पातं टेकवलं, खटका दाबला आणि मान वर करून लालमियाँकडं पाहिलं. तो बघतो का न्हाई, एवढंच बघायचं होतं. लालमियाँ बघत होता. पण त्याचे डोळे भुजंगरावांवर नव्हते, खाली फांदीवर होते, आणि तो खुर्चीवरून अर्धा उठला होता.

तोवर तुकडा पडला. पाला बाजूला झाला. पडलेल्या तुकड्यालाच बेळकं होतं.

मेढीचं बेळकं गेलं म्हणजे आडवी बल्ली ठेवायची कशावर? भटजींनी घड्याळ पाहिलं. तातेरावानं, पुंजारामच्या मेव्हण्यानं, खोकल्याच्या आडून हसू गिळलं. झुंबरआत्या म्हणाली, "झालं का कापून? लई जल्दी झालं बाई."

लालमियाँ जवळ आला. "भुजंगभाऊ, ओढ्यावर दुसरा उंबर हाय. चला."

ओढ्यापर्यंत भुजंगराव दोन पावलं पुढंच चालले. उंबराला बेळक्याची फांदी चांगली होती. लालमियाँनं ती दोन्ही हातांनी धरली. भुजंगरावांनी करवत लावली, ती उडी मारून सालीवर आपटली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली.

"वो आगे की पट्टी," लालमियाँ हळूच म्हणाला, "लाकडाला चिकटवून दाबून धरा. हवेत ठेवू नका. सलीमनं मला फोनवर चारदा सांगितलं तवा समजलं."

भुजंगरावांनी पट्टी दाबली. करवत गरीब गाईसारखी चालली. फांदी लालमियाँच्या हातात अलगद आली. अशी चालते तर ही, भुजंगरावांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ आलं, की हे याला माहीत होतं, आठ दिवस भिंतीपलीकडून हा माझी थयथय ऐकत होता.

मेढ मुहूर्तात उभी राहिली. पुंजाराम टोपी-टॉवेल घेऊन पुढं आला, क्षणभर दोघांकडं पाहिलं आणि वळला लालमियाँकडं. बावीस वर्षांत पहिल्यांदा टोपी घालून घ्यायला वाकलेली भुजंगरावांची मान तशीच राहिली.

लालमियाँनं हात मागं घेतले. "मैं तो बस फांदी पकड्या. कापली भुजंगभाऊनं. ज्यानं कापली त्याचा हक."

खोटं काही न्हाई त्यात. टोपी भुजंगरावांच्या डोक्यावर आली. टाळ्याही झाल्या. घरी येईपर्यंत ती त्यांना टोचत होती, नवीन कोरी असून.

जेवताना त्यांनी गिरिजाबाईंना विचारलं, "तो लालमियाँ ते म्हणला, ते मोठ्यानं म्हणला का हळू?"

"काहून?"

"न्हाई, सहज. सगळ्यांनी ऐकलं का?"

गिरिजाबाईंनी भाकरी वाढली. "झुंबरआत्यानं बी ऐकलं. जाताना मला म्हणली, लालूभाईचं मन किती मोठं हाय बाई."

भुजंगरावांनी ताट बाजूला सारलं. वरणात मीठ जास्त झालं होतं म्हणे.