तारेवरून आलेला नेटाचा चेहरा

थोरली बहीण नेटा बाबांशी भांडून लंडनला गेली, त्या दिवशी बाबांनी तिची खुर्ची कोळशाच्या कोठडीत नेऊन टाकली. ते ग्लासगोत क्लाइड नदीवरच्या गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकायचे. बोलणंही तसंच, एकदा ठोकलं की निघायचं नाही. पाच वर्षं घरात तिचं नाव निघालं नाही.

एकोणीसशे अठ्ठावीस साली मला तिचं पत्र आलं. दूरवर चित्र पाठवायचं खूळ तेव्हा बऱ्याच जणांनी घेतलं होतं. अशाच एका छोट्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. यंत्राला नीट दिसावेत म्हणून ओठ निळे रंगवून, भाजून काढणाऱ्या दिव्यांसमोर तासन्‌तास बसायचं, एवढंच काम. गुरुवारी तिचा चेहरा टेलिफोनच्या तारेवरून ग्लासगोला येणार होता, तोही मी चादरी बदलायचे त्याच हॉटेलात. 'बाबांना आण,' तिनं लिहिलं होतं.

"तोंड काळं केलंस ते पुरे नाही झालं? आता निळं दाखवतेस?" बाबा पत्रावरच ओरडले. पण गुरुवारी चर्चचा कोट घालून आले.

यंत्राची काच खेळायच्या पत्त्याएवढी. आधी नुसत्या नारिंगी रेघा थरथरल्या. मग कपाळ उमटलं, नाक, हलणारे ओठ.

"हनुवटी माझ्या आईची," बाबा पुटपुटले. मग वाकून काचेलाच म्हणाले, "नेटा, ये गं घरी. झालं ते झालं."

"आजोबा, तिला ऐकू जात नाही," यंत्रावरचा माणूस म्हणाला. "या तारेवर फक्त चित्र येतं."

जमलेले पत्रकार हसले. बाबांचे कान लाल झाले. टोपी चढवून ते तडक बाहेर पडले.

मी नेटाला सगळं कळवलं. उत्तर परक्या अक्षरात आलं. दिव्यांनी तिचे डोळे गेले होते. शेजारीण लिहून देत होती. 'समजूत घालायला खोटं लिहू नकोस. बाबा असं बोलणं शक्य नाही.'

"दोन ओळी लिहा ना," मी बाबांच्या विनवण्या केल्या.

"एकदा म्हणालो. चारचौघांत हसं झालं. पुन्हा नाही."

जानेवारीत खोकल्यानं ते गेले. नेटा भिंत चाचपत जिना चढून आली तेव्हा त्यांना पुरून दोन दिवस झाले होते. एकोणीस वर्षं ती माझ्याजवळ राहिली. बाबा खरंच तसं बोलले होते, मी शपथेवर सांगायचे. ती नकारार्थी मान हलवायची.

"पुरे गं," म्हणायची. "तू चांगली आहेस."

पुढे पुढे मीही सांगणं सोडलं.