दगड वाजवून पाहणारा

कुठल्याही दगडाला हात घालण्याआधी तो बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक करायचा. आमच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात आला, तरी खुर्ची वाजवूनच बसायचा. "पोकळ आसंल तर आवाज सांगतो, सायेब."

बालाघाटाचे कडे चढून तयार झालेला हा गडी कारखान्याचं धुराडं दोरावर लटकून रंगवायचा. दुष्काळात ऊस वाळला आणि तेही काम थांबलं.

"पुण्यात चढाई शिकवायचं काम हाय, पन खडक लांब. बदामीला खडक दारात, पन काम हंगामापुरतं. कुटं जाऊ?"

"कुठंच नको," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी कारखाना सुरू होतोय."

होणार नव्हता. बंदचा ठराव मीच लिहून काढला होता. पण आमच्या कॉलनीची विहीर आटत चालली होती, आणि पाणी खाली जाईल तशी आत उतरून मोटर खाली सरकवणारा तोच एकटा होता.

त्यानं माझ्यासमोरच दोन्हीकडं फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी दोर घेऊन विहिरीवर आला. उतरण्याआधी काठावरचा एकेक दगड वाजवून पाहिला. मला मात्र, "खरंच सुरू होनार ना?" एवढंही विचारलं नाही.